राखून ठेवलेली काकवी

दिवाळी उलटून तुळशीचं लग्न झालं की पंचगंगेच्या काठानं गुऱ्हाळं पेटतात, आणि त्या दिवसापासून घरात माझी गैरसोय सुरू होते. वारा मळ्याकडून असला की उकळत्या रसाचा वास खिडकीतून थेट आत येतो. सूनबाई खोल श्वास घेऊन म्हणते, आली बघा थंडी. नातवंडं काकवीचा हट्ट धरतात. मग कोणीतरी सायकलवरून डबा घेऊन जातं, काकवी येते, गरम चपातीबरोबर ताटात वाढली जाते, आणि मी काहीतरी निमित्त काढून परसात जाते. वाळत घातलेले कपडे उलटे करते, अबोलीच्या मुळाशी उगाच माती ओढते. मला साखरेची भीती वाटते अशी घरातल्यांची समजूत आहे. तुमच्या रक्तात साखर औषधालाही नाही, असं डॉक्टरांनी सांगून झालं, तरी ती समजूत टिकून आहे. मीही ती मोडलेली नाही.

आता इंजिनावर चालणारी गुऱ्हाळं आली. तेव्हा बैलांचा चरक होता. त्याची कुरकुर आमच्या गल्लीपर्यंत ऐकू यायची, आणि बैल थांबला की ती थांबायची. आम्ही पोरं त्यावरून ओळखायचो, की आता रसाच्या घागरी भरल्या असतील, आता गेलं तर एक वाटी मिळेल. मळा आमचा होता, थोडकाच, नदीच्या अंगाला. हे सगळं महाराजांच्या राज्यातलं. कोल्हापूरची माणसं नुसतं 'महाराज' म्हणतात तेव्हा कोणते ते सांगत बसत नाहीत. मोठी लढाई चालली होती आणि माझे वडील, आबा, त्यांच्या पलटणीबरोबर इराकात बसऱ्याला गेले होते.

आबा जमादार होते. चावडीवर पागोटं बांधून बसणाऱ्या जमादाराशी त्यांची गल्लत करू नये. पलटणीतला जमादार म्हणजे अंमलदार, खांद्यावर तारा असलेला, आणि त्या ताऱ्याचा आमच्या गल्लीला आमच्यापेक्षा जास्त अभिमान. आबांना लिहिता-वाचता येत असे. त्यांचा हात मोडीत जलद चालायचा, पण घरी ते बाळबोधीत लिहीत, कारण घरात वाचणारी मी एकटी होते. महाराजांच्या कृपेनं मुलींची शाळा होती आणि आबांच्या हट्टानं मी त्या शाळेत होते. हे ऋण मी नाकारत नाही. पुढे मी मास्तरीण झाले, त्यावर माझं घर चाललं, ते आबांनी गिरवायला लावलेल्या अक्षरांवर.

तर पत्र यायचं. पोस्टमन उंबऱ्याच्या आत पाऊल टाकून पत्र आईच्या हातात द्यायचा. आई आधी त्याच्या कोपऱ्याला कुंकू लावायची, देवापुढं ठेवायची, मग मला हाक मारायची. मी ते घरात एकदा वाचायचे. दिवेलागणीला तेच पत्र तालमीच्या कट्ट्यावर पुन्हा वाचायचे, कारण गल्लीतल्या माणसाचं लढाईवरून आलेलं पत्र एका घराचं नसतं, अशी तिथली रीत होती. पैलवान अंगाची तांबडी माती न धुता येऊन बसायचे. बायका पलीकडच्या भिंतीला उभ्या राहायच्या. हुसेन वस्ताद, तालमीचे कर्तेधर्ते, मला दोन्ही काखांत धरून कट्ट्यावर उभी करायचे आणि म्हणायचे, हां, चालू द्या सरकार. मी परकराचा ओचा सावरून घसा साफ करायचे. एवढी माणसं गप्प बसून माझं ऐकतात याची मला चटक लागली होती.

'चिरंजीव सोनाबाईस अनेक आशीर्वाद. विशेष विनंती, येथे सर्व क्षेम आहे.' सगळी पत्रं अशीच सुरू व्हायची. मग खजुरीची बनं यायची, आपल्या पंचगंगेहून कितीतरी थोर पण बेचव पाण्याची नदी यायची. उन्हानं बंदुकीच्या नळीला हात लावता येत नाही हे यायचं. आणि शेवटाकडे, दर पत्रात, सरकार किती चांगलं सांभाळते ते यायचं. पीठ, तूप, डाळ, अगदी गूळसुद्धा. तरण्या माणसानं घरात बसून राहू नये, येथे मानही आहे आणि पगारही. ही वाक्यं वाचताना मी आवाज चढवत असे. कट्टा मान डोलवायचा. साहेब लोक पत्रं उघडून बघतात, त्यांच्यासाठीही माणूस चार ओळी लिहितो, हे आईला ठाऊक होतं. म्हणून त्या ओळींकडे तिचं लक्षच नसायचं. तिचे कान एका शब्दावर होते.

तो शब्द कुठून आला ते सांगते.

आईचा एक धाकटा भाऊ होता, ज्ञानू. शिरोळकडचं तिचं माहेर पटकीच्या साथीनं रिकामं झालं तेव्हा तो रांगत होता. आईनं त्याला लग्नात पाठराखिणीसारखा बरोबर आणला आणि माझ्या आधी त्याला वाढवलं. मला आठवतो तो ज्ञानूमामा म्हणजे दारातून आत येताना वाकणारा माणूस. पहाटे जोर मारायचा, दुपारी मळ्यात राबायचा, संध्याकाळी पुन्हा आखाड्यात. आई त्याच्यासाठी बदाम स्वतः वाटायची, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. खासबागेतल्या मैदानात महाराजांपुढं एकदा कुस्ती करायची, एवढीच त्याची मागणी. मग आबांच्या खांद्यावर तारा दिसला आणि ती मागणी बदलली. त्याला पलटण हवी झाली.

आबा बसऱ्याला जाण्याआधी रजेवर आले ते गुऱ्हाळाच्याच दिवसांत. मामा त्यांच्या पाठीच लागला, मला घेऊन चला. आई म्हणाली, माझ्या मढ्यावरून जा. चार दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. शेवटी गुऱ्हाळावर, चुलवाणाच्या उबेला बसून, आबांनीच तोड काढली. चुलवाणावरच्या मोठ्या काहिलीतला रस आटून दाट झाला होता. गुळाला यायच्या जरा आधी तो उतरवला की काकवी होते, आणि आबांचा काकवीवर जीव. आई त्यांच्या भाकरीवर ती ओतत होती. मी आणि मामा समोर चिपाडाच्या ढिगावर.

आबा म्हणाले, "म्या आदी जाऊन बगतो. पोरगं धाडण्याजोगं असंल तर लिवीन, काकवी राखून ठेवा. नसंल तर काकवीचं नावच काडणार न्हाय. साहेबाला त्यातलं काय कळतंय?"

आई म्हणाली, "शपथ घ्या."

आबांनी भाकरी खाली ठेवली, चुलवाणातल्या जाळाकडे हात केला आणि शपथ घेतली. मामानंही कबूल केलं, की काकवी आली नाही तर तो पलटणीचं नाव काढणार नाही, आणि आईनं, की आली तर ती त्याला अडवणार नाही. तेव्हा जाळाची शपथ म्हणजे कागदावरच्या सहीपेक्षा पक्की.

म्हणून मी पत्र वाचायला घेतलं की आई चुलीपुढं बसून कान द्यायची. पत्र संपायचं, काकवी यायची नाही, आणि आईच्या खांद्यातलं काहीतरी खाली उतरायचं. मामा उठून तालमीत जायचा. पावसाळा गेला, दसरा गेला. आबांना काकवीची आठवण झाली नाही. गल्लीतली तीन पोरं तेवढ्यात भरती होऊन गेलीसुद्धा, त्यांच्या आयांना कोणी असा शब्द देऊन ठेवला नव्हता. आईला त्यांच्याविषयी वाईट वाटायचं आणि आपल्यापुरतं बरं वाटायचं, आणि या दोन्ही गोष्टी ती मला सांगायची.

माझ्या आठवणीत लढाईची सालं नाहीत, पण त्या पुढच्या गुऱ्हाळाचा हंगाम कोरून ठेवल्यासारखा आहे. थंडी अशी की सकाळी चिपाडावर दव गोठल्यागत दिसे. ऊस तोडणाऱ्या बायकांच्या हाताला चिरा, त्यात रस गेला की त्या सी-सी करत. रानभेंडीचं चिकट पाणी काहिलीत पडलं की मळी वर यायची आणि सगळ्या मळ्यावर तिचा आंबूस गोड दर्प पसरायचा. मामा एकटा चुलवाण सांभाळायचा. उघड्या अंगावर घाम, त्यावर राख, मध्येच मला ओरडून म्हणायचा, बाय, लांब हो, परकर पेटंल. मी जास्तच जवळ जायचे. या हंगामासारखा हंगाम मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पत्र त्या दिवशी मळ्यातच आलं. घराला कुलूप बघून पोस्टमन तिकडं आला आणि त्यालाही एक वाटी रस मिळाला. कुंकू जवळ नव्हतं, आईनं आपल्या कपाळाचं बोटानं घेऊन कोपऱ्याला लावलं. मी चरकाच्या वाटेत उभी राहून वाचलं. क्षेम, खजूर, नदी, पीठ, तूप. आणि मग अगदी सहज, सहीच्या वर, 'यंदा काकवी चांगली राखून ठेवणे. आल्यावर खाईन.'

मी ते वाक्य इतर वाक्यांसारखंच वाचलं, आवाज चढवून. आई म्हणाली, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. ती जवळ आली, ज्या अक्षरांवर माझं बोट होतं तिथं तिनं बोट ठेवलं आणि म्हणाली, हे काकवीच हाय ना? मी म्हटलं, व्हय. मामानं चुलवाण सोडलं, मला उचलून खांद्यावर बसवलं आणि बैलांच्या पुढं, चरकाभोवती गोल पळत सुटला. आईनं त्याला अडवलं नाही. शब्द तिनंही दिला होता. तिनं त्या काहिलीतली काकवी गाळून घेतली, चिनीमातीच्या बरणीत भरली, तोंडाला फडकं बांधलं, आणि घरी आल्यावर ती बरणी फडताळात सर्वांत वर ठेवली. मला म्हणाली, "त्येंनी बघितल्याबिगार लिवलं नसंल."

मामाला तालमीनं हलगी वाजवत पोचवला. वस्तादांनी त्याच्या दंडावर ताईत बांधला. आई वेशीपर्यंत आली आणि हसत होती, कारण तिला धीर होता.

लोक मला समजावतात. ज्या दोघा-तिघांना मी हे सांगितलं ते सगळे म्हणाले, तुम्ही लहान होता, तुमचा काय दोष. मला माझा दोष वाटतच नाही. मी नऊ-दहा वर्षांची पोर, समोरचा कागद वाचला. मला वाटतो तो राग, आणि इतक्या वर्षांत तो कमी झालेला नाही. फसवताना माणूस निदान आपलं तोंड वापरतो. आबांनी माझं वापरलं. पुढे शाळेत मी उभा जन्म मोठ्यानं वाचून दाखवलं, पण दुसऱ्याचं पत्र कधी वाचलं नाही. आताही गल्लीतला कोणी सीमेवर असतो, त्याची म्हातारी निळं पत्र घेऊन येते, आणि मी तिला सुनेकडे पाठवते. बाई शिष्ट आहेत, असं म्हणतात. म्हणोत.

मामा गेल्यावर आबांच्या पत्रात एक ओळ वाढली, 'ज्ञानू मजेत आहे.' ती ओळ कट्ट्यावर ऐकायला आई मुद्दाम पुढं येऊन उभी राहायची. मग भर उन्हाळ्यात एका दुपारी पोस्टमन आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. त्याच्या हातातल्या पत्राचा कोपरा फाडलेला होता. असं पत्र आत घेत नाहीत. आईनं ते लांबूनच पाहिलं आणि ती होती तिथं खाली बसली. मी दाराबाहेर कडुनिंबाखाली ते वाचलं. वर श्री नव्हती. ज्ञानूस देवाज्ञा झाली. गोळी नाही, तलवार नाही, पोट वाहून आणि ताप चढून, नदीतल्या दवाखान्याच्या बोटीवर. असं पत्र वाचून झालं की तिथंच फाडून टाकायचं असतं. मी फाडलं. त्या दिवशी कट्ट्यावर वाचन झालं नाही, वस्तादांनी आखाड्याला कुलूप लावलं.

पण आईनं आबांना बोल लावला नाही. ते लिहून ठेवते, कारण पुढचं त्यामुळेच कळेल. शेजारणी आडून आडून बोलायच्या तेव्हा ती त्यांची बाजू घ्यायची. त्यांनी चांगलं बघितलं तेव्हा चांगलं लिहिलं, ताप काय विचारून येतो का, इथं पटकीनं माझं माहेर गेलं तेव्हा कुठं लढाई होती? ती हे इतक्या वेळा म्हणाली की मलाही पटलं. मामाच्या जोरांची फळी भिंतीला तशीच उभी होती. तिच्यावरची धूळ आई पुसायची.

लढाई संपली. आबा परतले ते सुभेदार होऊन, खांद्यावर आता दोन तारे. वाळले होते, काळे पडले होते. फळीसमोर उभं राहून खूप रडले. आईनंच त्यांना पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून ते भिंतीला टेकून बसले आणि बोलायला लागले. माणूस फार दिवस गप्प राहिला की असा बोलत सुटतो. चिखलात रुतलेली माणसं, पाण्यावाचून तडफडणारी, एका भाकरीत चौघं, जखमांत किडे पडलेले. पहिल्या दिवसापासून नरक होता तो, म्हणाले.

आई भांडी गोळा करत होती. तिचा हात थांबला. "पैल्या दिसापासनं?"

"व्हय की."

"मंग काकवी?"

मला वाटलं, आबा म्हणतील विसरलो. मी मनातून अगदी धावा करत होते, की त्यांनी म्हणावं, खरंच खायची इच्छा झाली म्हणून लिहिलं, ठरलेलं ध्यानात राहिलं नाही. आईलाही तेच हवं असणार. तिनं ते लगेच खरं मानलं असतं.

आबा खोटं बोलले नाहीत. एवढ्या पत्रांनंतर त्या दिवशी ते खरं बोलले. "साहेब म्हणाला, जमादार, तू आनलेली पोरं कुटं हायती? माणसं आनील त्याला बढती हुती. गल्लीची तीन आली. मंग त्यातलंच एक म्हणालं, जमादार, तुमचा म्येवना न्हाय आला? काय सांगू त्याला? दुसऱ्याची पोरं मागायची आन् आपलं घरात ठेवायचं, ह्ये कुनाच्या तोंडानं करू?"

आई म्हणाली, "आपलं ठरलं हुतं."

"ठरलं हुतं," आबा म्हणाले.

मी पुष्कळदा आबांच्या जागी उभी राहून पाहिलं आहे. दुसऱ्यांची पोरं त्या नरकात ओढून आपलं वाचवायचं, हे त्यांना जमलं नाही, यात एक प्रकारची नीती आहे, असं कोणी म्हणेल. म्हणणाऱ्यानं म्हणावं. पण मग ती नीती आधीच्या तिघांच्या वेळी कुठं होती? आणि तसंच होतं तर मामाला साहेबाच्या तोंडानं बोलवायचं होतं, सरकारच्या तोंडानं बोलवायचं होतं. आईला दिलेल्या शब्दाच्या तोंडानं का बोलवला?

त्याच आठवड्यात सनद आली, आबांना जमीन इनाम मिळाल्याची. कट्ट्यावर वाचायची रीत होतीच. आबांनी घरी मला एकदा वाचून घ्यायला सांगितलं, अवघड शब्द अडू नयेत म्हणून. मी वाचून घेतली. संध्याकाळी सगळी गल्ली जमली. भिंतीला बायका होत्या, त्यांत त्या तिघांच्या आयाही. तिघांतला एकच परत आला होता. वस्तादांनी मला कट्ट्यावर उभी केली. आता मी मोठी झाले होते, तरी त्यांनी काखेत हात घालून उचललंच. आबा नवी पगडी घालून शेजारी. त्यांनी सनद माझ्या हातात दिली. वाच, सोने.

मी म्हटलं, "मला वाचता येत न्हाय."

कोणी हसलं नाही. सगळ्या गल्लीला माहीत होतं मला वाचता येतं. आबांनी हळूच पुन्हा सांगितलं, मी पुन्हा तेच म्हटलं. वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, मग पलीकडे भिंतीशी उभ्या आईकडे पाहिलं, आणि सनद माझ्या हातून काढून आबांच्या हातात दिली. "पोरीला वाचता येत न्हाय म्हणतीया, सुभेदार. तुमीच वाचा."

आबांनी वाचली. त्यांचा आवाज लष्करी, खणखणीत. मध्यावर ते अडखळले, तिथं काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं. वस्ताद म्हणाले, वाचा की. आबांनी वाचलं, 'सरकारास आपल्या गावची व घरची माणसे पुरविल्याबद्दल.' पुढच्या ओळी कोणी ऐकल्या नसाव्यात. भिंतीकडून एक बाई निघून गेली, मग दुसरी. पत्राला लावायचं तसं कुंकू त्या सनदेला कोणी लावलं नाही.

घरी आल्यावर आईनं नेहमीसारखा स्वयंपाक केला. पाट मांडला, ताट घेतलं, भाकरी वाढली. मग फडताळासमोर चौरंग ठेवून ती चढली आणि वरची बरणी खाली काढली. फडकं सोडलं तसा सगळ्या घरात आंबल्याचा वास सुटला. दोन उन्हाळे काढलेली काकवी, वर फेस आलेला, खाली खडे धरलेले. तिनं ती वाटीत ओतून आबांच्या पुढं ठेवली.

"राखून ठिवलीया," ती म्हणाली. "तुमी लिवलंवतंसा."

आबांनी वाटीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मग भाकरीचा तुकडा मोडला, त्यात बुडवला आणि खाल्ला. वाटी संपेपर्यंत ते थांबले नाहीत. मी चुलीपाशी बसून बघत होते. आई बरणी मांडीवर धरून समोर बसली होती.

वाटी रिकामी झाली तशी तिनं बरणी वाकडी केली आणि विचारलं, "आनि वाडू का?"